फतेगंजमधला बायबल-अभ्यासवर्ग: पूर्वार्ध भरीव, उत्तरार्ध सजावटीचा

आधी व्यवहाराचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका होईल. बडोद्यातल्या फतेगंजमध्ये एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा परिचयवर्ग चालतो. जुलैत सुरू होतो आणि नाताळची गडबड लागायच्या आत संपतो. फी दीड हजार रुपये. त्यात छापील टिपणं आणि मधल्या सुटीतला चहा आला. कोणत्याही धर्माच्या माणसाला प्रवेश आहे. प्रार्थनेला बसायची सक्ती नाही आणि धर्मांतराचा विषय चुकूनही कोणी काढत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न तोच होता. दुसरा प्रश्न, चहाबरोबर काय देतात. लीलो चेवडो देतात आणि तो ताजा असतो.

शिकवणं गुजरातीत, मध्येमध्ये इंग्रजी. टिपणं मात्र सगळी इंग्रजीत. मी मराठीत विचारायची, सर गुजरातीत सांगायचे, दोघांचंही अडलं नाही. बडोद्यात कोणाचं अडतं? टिपणांचं मात्र काहीतरी करायला हवं. वर्गातल्या निम्म्या लोकांनी ती पिशवीतून बाहेरच काढली नाहीत.

मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे एकादशी असते, दीड दिवसाचा गणपती असतो. मग या वर्गाला कशी गेले, तर वडिलांमुळे. ते इथल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सित आवृत्तीच्या कामावर होते. त्या आवृत्तीची सात कांडं 1960 ते 1975 या काळात निघाली. नेपाळी, शारदा, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून एकेका श्लोकाचे पाठभेद टिपायचे, हे त्यांचं रोजचं काम. ‘हा श्लोक फक्त दाक्षिणात्य पोथ्यांत सापडतो’ असली वाक्यं मी वरणभाताबरोबर ऐकली आहेत. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही हे मला शाळेत असतानाच ठाऊक होतं, आणि ते वर्गात सांगितल्याबद्दल बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. पुढे मी रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत आयुष्य काढलं. त्यामुळे या वर्गाकडून मला एवढंच हवं होतं: जे वडिलांनी आपल्या ग्रंथाचं केलं, तेच ही मंडळी स्वतःच्या ग्रंथाचं करतात का? आणि करत असतील, तर ते केल्यावर प्रार्थनेला कसे बसतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या वर्गात उत्तम मिळतं.

सर निवृत्त धर्मशिक्षक आहेत. भाषण देत नाहीत, कामाला लावतात. पहिल्याच शनिवारी त्यांनी बायबलातल्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातले पहिले दोन अध्याय वाचायला दिले आणि सांगितलं, देवानं काय काय कोणत्या क्रमानं निर्माण केलं त्याची यादी करा. पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग सूर्यचंद्र, मग मासे आणि पक्षी, मग जनावरं, आणि सगळ्यात शेवटी स्त्री-पुरुष एकदम. दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग आणि झाडं, मग जनावरं, आणि शेवटी स्त्री. माझ्या शेजारी बसलेल्या, जन्मभर दर रविवारी चर्चला गेलेल्या बाईंनी दोनदा यादी केली, दोनदा खोडली आणि म्हणाल्या, ‘हे मी कधी पाहिलंच नव्हतं.’ मग सरांनी झाँ आस्त्र्युकची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच राजाचा वैद्य. देवाचं नाव या मजकुरात काही ठिकाणी एक आणि काही ठिकाणी दुसरंच येतं, तेव्हा ज्याच्या नावावर हे पुस्तक सांगतात त्या मोशेपुढे लिहिताना निरनिराळ्या जुन्या नोंदी असाव्यात, असा तर्क त्यानं 1753 मध्ये मांडला, आणि तोही पुस्तकावर स्वतःचं नाव न घालता. त्या तर्काचाच धागा पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक वेलहाउझेनपर्यंत गेला आणि पंचग्रंथ (बायबलाची पहिली पाच पुस्तकं) चार स्रोतांतून विणला गेला असं मत विद्यापीठांत रुजलं.

इथे एक तक्रार. वेलहाउझेनचं मत सरांनी शिक्कामोर्तब झाल्यासारखं सांगितलं. गेल्या काही दशकांत त्या चार स्रोतांच्या मांडणीला अभ्यासकांनीच भरपूर सुरुंग लावले आहेत; कोणी दोन स्रोत एकत्र करतं, कोणी काळ पुढे ओढतं, कोणी स्रोतांऐवजी तुकड्यांची भाषा करतं. टिपणांत यावर एकच परिच्छेद आहे, तोही पानाच्या तळाला.

पुढचे काही शनिवार शुभवर्तमानांवर, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकांवर. मत्तय, मार्क आणि लूक यांचा मजकूर शेजारी शेजारी तीन रकान्यांत छापलेला कागद आणि रंगीत पेन्सिली. तिघांत सारखं असेल ते निळं, दोघांत असेल ते हिरवं, एकट्याचंच असेल ते लाल. पन्नाशी-साठीची माणसं जीभ बाहेर काढून रंगवत होती. तासाभरानं न सांगताच कळतं की मार्काचा बहुतेक मजकूर मत्तयात उतरला आहे, आणि मत्तय-लुकांत मार्काबाहेरचाही बराच भाग जवळजवळ शब्दशः सारखा आहे. मग एक लिखित संग्रह दोघांपुढे होता आणि तो आता हरवला आहे, हा अंदाज सर शेवटी सांगतात. तोवर निम्मा वर्ग तिथवर पोचलेलाच असतो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला याहून मोठं सुख नाही. नक्कल कोणी कोणाची केली हे ओळखण्यात माझी हयात गेली आहे.

पण वर्गाची खरी किंमत मार्काच्या शेवटासाठी मोजावी. विश्वामित्री नदीला पाणी चढल्यामुळे तो वर्ग एकदा पुढे ढकलला गेला होता, तरी त्या शनिवारी हॉल भरलेला होता.

मार्काच्या सोळाव्या अध्यायात स्त्रिया कबरीपाशी जातात, कबर रिकामी असते, आणि आठव्या वचनाला त्या पळून जातात. घाबरल्यामुळे कोणाला काही सांगत नाहीत. इथेच मजकूर थांबतो. म्हणजे सीनाय पर्वताच्या मठात सापडलेल्या आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयात असलेल्या, चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत मान्यवर पोथ्यांत तो इथे थांबतो. पुढची बारा वचनं, म्हणजे येशूचं दर्शन, शिष्यांना आज्ञा, स्वर्गारोहण, या दोन्ही पोथ्यांत नाहीत. सरांनी दोन्ही पानांची छायाचित्रं पडद्यावर दाखवली. रकाना संपतो आणि खाली कोरी जागा.

मागच्या रांगेत एक तरुण बसायचा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात काम करणारा. तो उठून उभा राहिला. त्याच्या मंडळीत आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि त्याचा आधार याच बारा वचनांत आहे: विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्यायले तरी बाधणार नाही, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. त्याची आई अशाच प्रार्थनेनंतर अंथरुणातून उठली होती. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही माझ्या आईचं पान फाडताय.’ हॉलमध्ये कोणी चेवड्याला हात लावला नाही.

सरांनी जे केलं ते मला शिक्षक म्हणून फार आवडलं. आधी त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही. मग म्हणाले, ही वचनं नंतरची असली तरी फार जुनी आहेत. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इरिनियस या धर्मगुरूला ती ठाऊक होती, म्हणजे आपल्या हातातल्या या दोन्ही पोथ्यांपेक्षा जुनी. मग त्याच्याच हातातलं बायबल उघडून त्याला प्रेषितांची कृत्ये, अठ्ठावीसावा अध्याय वाचायला लावला. माल्टा बेटावर प्रेषित पौलाच्या हाताला साप डसतो आणि त्याला काही होत नाही. पुढे पुब्ल्यच्या आजारी वडिलांवर तो हात ठेवतो आणि ते बरे होतात. मग याकोबाच्या पत्रातली तेल लावून प्रार्थना करण्याची आज्ञा. ‘तुझ्या मंडळीची रीत या बारा वचनांवरच उभी आहे असं तुला कोणी सांगितलं?’ तरुण बसला, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं. पुढच्या शनिवारीही आला. शेवटपर्यंत आला.

त्याच संध्याकाळी बेंगेलचं नाव आलं. अठराव्या शतकातला हा जर्मन धर्मपंडित, आणि त्याचा नियम असा की दोन पाठांपैकी जो अवघड तो मूळचा असण्याचा संभव जास्त, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड कोणी मुद्दाम करत नाही. वडील हाच नियम सांगायचे, नाव न घेता. भांडारकर संस्थेच्या महाभारतात द्रौपदीनं वस्त्रहरणाच्या वेळी कृष्णाचा धावा केल्याचा भाग मुख्य संहितेतून बाहेर काढला, तेव्हा किती कीर्तनकार चिडले असतील, याचा विचार मी परतताना रिक्षात करत होते. घाबरून गप्प झालेल्या बायकांवर संपणारं शुभवर्तमान, आणि कोणाच्याही धाव्याशिवाय न संपणारं वस्त्र. दोन्हीकडे नंतरच्या भक्तांना ते तसंच सोडवलं नाही.

आता दुसरा प्रश्न. चिकित्सा झाल्यावर प्रार्थनेला कसे बसतात? त्याला सरळ उत्तर मिळालं नाही, पण सर वर्ग संपल्यावर दिवे मालवण्याआधी एकटे दोन मिनिटं पुढच्या बाकावर बसतात हे मी पाहिलं. मी विचारलं नाही. वडीलही संस्थेतून आल्यावर हातपाय धुऊन रामरक्षा म्हणत.

मधल्या काळातले तीन-चार शनिवार धर्मसभांचे. 325 चं नायसिया, 451 चं कॅल्सिडॉन, कोण पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या एरियसच्या बाजूचा, कोण त्याच्या विरोधातल्या अथनेशियसच्या. घाईनं उरकलेत आणि कंटाळवाणे आहेत. एकच गोष्ट लक्षात राहिली: पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे सांगण्यासाठी नायसियानं ग्रीक तत्त्वज्ञानातली जी संज्ञा श्रद्धा-कबुलीत घातली, ती बायबलात कुठेच नाही, आणि त्यावरून पुढे कित्येक दशकं भांडणं झाली. म्हणजे धर्म संस्कृतीला भेटतो ही काही भारतातल्या मिशनऱ्यांची युक्ती नाही. चौथ्या शतकातच ती भेट होऊन वादावादीही झाली होती. हा धागा उत्तरार्धात ओढायला हवा होता.

तो ओढला नाही, आणि इथे माझी खरी नाराजी आहे.

उत्तरार्धाचं नाव ‘पवित्रशास्त्र आणि भारतीय संस्कृती’. सुरुवात झकास होते. फादर स्टीफन्सचं नाव मराठी माणसाला नवीन नाही: 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, 1616 मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार ओव्या. मग रेव्हरंड टिळक, 1895 सालचा बाप्तिस्मा, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणणारे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून काढलेला ‘देवाचा दरबार’, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. सरांनी टिळकांचे अभंग ऐकवले, वर्गात मराठी बोलणारे आम्ही चौघं होतो, आम्ही साथ दिली. मग बंगालमधले ख्रिस्ती संन्यासी ब्रह्मबांधव उपाध्याय आणि त्यांचं सच्चिदानंदाला वंदन करणारं संस्कृत स्तोत्र. मग आंजेलो द फोन्सेका: गोव्यात 1902 साली जन्मलेला चित्रकार, शांतिनिकेतनात शिकलेला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून नऊवारीतली मारिया काढणारा. गोव्यातल्या धर्मगुरूंना ती पसंत पडली नाही. हे पाहताना मला कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आठवली, कारण फोन्सेकाही त्याच नंदलालांकडे शिकलेला. बडोद्याच्या माणसाला फुकटात मिळणारा हा दुवा सरांनी जोडला असता तर बरं झालं असतं.

पण त्यानंतर पडद्यावर नुसत्या सजावटी येऊ लागल्या. समई, तोरण, भगवी शाल, वेदीपुढे रांगोळी, आरतीचं तबक. प्रत्येक चित्राखाली ‘भारतीय’. मी मान डोलावत होते, कारण सगळं माझ्याच घरातलं होतं.

तेव्हा आणंदकडचे एक निवृत्त गृहस्थ बोलले. आजोबा विणकर, गावात देवळाच्या पायरीशी उभं राहण्याची मुभा नव्हती, ख्रिस्ती झाले तेही त्याच पिढीत. ते समईच्या चित्राकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, ‘साहेब, आ दीवो अमारा घरनो नथी.’ हा दिवा आमच्या घरचा नाही.

वर्गातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं, आणि सर त्यावर हसून ‘बरोबर आहे, त्याकडे येऊ’ म्हणाले. आले ते शेवटच्या शनिवारी, चहानंतर, अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात अरविंद निर्मल होते. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात निर्मल यांनी केलेल्या भाषणापासून दलित धर्मशास्त्र ही शाखा सुरू झाली असं मानतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भारतीय ख्रिस्ती विचारवंत वेदान्ताशी, भक्तीशी संवाद करत बसले, आणि चर्चमध्ये बसलेल्या बहुसंख्य माणसांच्या अनुभवाकडे कोणी पाहिलंच नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणसानं टोपली वेदीपुढे ठेवून म्हणायची एक कबुली आहे: माझा पूर्वज भटकता अरामी होता, मिसरात गेला, तिथे आम्हाला छळलं, आम्ही आरोळी मारली, देवानं ती ऐकली. निर्मल यांनी ही कबुली दलिताच्या तोंडी घालून पाहिली आणि विचारलं, आमच्या पूर्वजाला त्या अरामी माणसाएवढं भटकण्याचं तरी स्वातंत्र्य होतं का? उत्तरार्धात कितीतरी शनिवार जे चाललं होतं, त्या सगळ्याला हा एक प्रश्न पुरून उरतो. इथे पवित्रशास्त्राला चित्रातल्या समईसारखं सजवलेलं नाही, त्याच्याशी झोंबाझोंबी केली आहे. पूर्वार्धात सरांनी जशी मार्काशी केली, तशी.

आणि हे शिकवायला बडोद्याइतकं योग्य गाव कुठलं? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले बाबासाहेब 1917 मध्ये याच शहरात नोकरीला रुजू झाले, राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. फतेगंजहून कमाटीबाग अशी कितीशी लांब? मुलं-सुना तिथे प्राणी बघायला जातात. ‘अनुवाद’मधली ती कबुली तिथे, बाबासाहेबांच्या आठवणीच्या संकल्पभूमीवर नेऊन वाचली असती तर टिपणांची गरजच पडली नसती. तसंच, महाराजांनी बडोदा कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवण्याची सोय केली होती, ऑल्बन विजरी त्या विषयाचे प्राध्यापक होते. म्हणजे असल्या वर्गाला इथे शंभर वर्षांची परंपरा आहे. त्याचाही उल्लेख नाही. सगळी उदाहरणं गोवा, पुणे, बंगाल आणि बंगळूरची.

सोयींबद्दल थोडं. हॉलमध्ये पंखे आहेत, पण जुलै-ऑगस्टात दमट होतं, खिडकीजवळ बसा. खुर्च्या प्लास्टिकच्या, गुडघे दुखणाऱ्यांनी उशी न्यावी. कोपऱ्यात पुस्तकांचं एक काचेचं कपाट आहे, चांगली भाष्यं आहेत, पण कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते शनिवारी येत नाहीत. दुचाकी आत लावता येते, चारचाकी रस्त्यावर. शेवटी दहा पानांचा निबंध ऐच्छिक आहे. लिहाच, सर लाल शाईनं समास भरून परत देतात, एवढ्या फीमध्ये हे कोणी करत नाही. प्रमाणपत्र मिळतं, त्याचा उपयोग काही नाही.

कोणी जावं? ज्यांनी कधी एखाद्या पोथीचे दोन पाठ शेजारी ठेवून पाहिलेत त्या सगळ्यांनी. कीर्तन-प्रवचन ऐकून ‘हे मूळ ग्रंथात आहे का हो?’ असं विचारणाऱ्यांनी. ज्यांना श्रद्धेवर फुंकर हवी आहे त्यांनी जाऊ नये, आणि ज्यांना ख्रिस्ती लोकांना खोडून काढायला दारूगोळा हवा आहे त्यांनी तर मुळीच जाऊ नये, कारण तीच कात्री आपल्या पोथ्यांनाही लागते. पूर्वार्धाला पाचपैकी पाच, उत्तरार्धाला अडीच.

अभिप्रायाच्या कागदावर मी दोन गोष्टी लिहिल्या. निर्मल यांना अर्ध्या तासाऐवजी निदान दोन शनिवार द्या आणि त्यांत आणंदच्या काकांना बोलायला लावा. आणि मार्काच्या शनिवारी रामायणाच्या आवृत्तीचं एक पान शेजारी ठेवा, ती आवृत्ती याच गावात झाली आहे. आठवड्यानं सरांचा फोन आला. काकांनी होकार दिला आहे, म्हणाले, आणि बेन, रामायणाचं पान तुम्हीच घेऊन या, अर्धा तास तुमचा. मी म्हटलं, अर्ध्या तासात वाल्मीकि बसत नाही, पाऊण तास द्या. त्यावर घासाघीस अजून चालू आहे.